जाम झालेला कॅलिपर: गंजाचे खड्डे पडलेला पिस्टन पुन्हा वापरावा का?

नमस्कार,

आमच्याकडे २००४ सालची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली लहान पेट्रोल गाडी आहे. आम्ही रत्नागिरीत, समुद्राच्या अगदी जवळ राहतो आणि पावसाळ्यात गाडी बराच काळ उघड्यावर उभी असते. यंदा पाऊस सरल्यावर गाडी बाहेर काढली, तेव्हापासून ती डावीकडे ओढू लागली, न्यूट्रलमध्ये पूर्वीसारखी घरंगळत जाईना आणि थोडे अंतर गेले की डाव्या पुढच्या चाकातून जळका वास येऊ लागला. उजवी रिम हाताला जेमतेम कोमट लागे, डावीजवळ मात्र हात नेववत नसे.

ब्रेकचा होज पाइप आतून फुगला तरी ऑइल परत जात नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो, म्हणून आधी तीच शक्यता तपासली. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून ब्लीडर निप्पल (ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल केला. ऑइलचे थोडे थेंब आले, पण चाक मोकळे झाले नाही. म्हणजे दाब अडकलेला नव्हता, अडकले होते ते कॅलिपरमध्येच, म्हणजे पिस्टनच्या जोरावर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातच. उघडल्यावर, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांपैकी खालच्या पिनचा रबर बूट फाटलेला आणि आतले ग्रीस सुकून गेलेले आढळले. आतला पॅड जवळपास पत्र्यापर्यंत झिजला होता, बाहेरचा बराच शिल्लक होता. दोष पिनचाच असेल असे वाटले होते, परंतु पिना साफ करून मोकळ्या केल्यावरही सी-क्लॅम्पने पिस्टन मागे जाईना.

आमच्या मेकॅनिकने समोर लाकडाचा ठोकळा धरून, पेडल हळूहळू दाबून पिस्टन बाहेर काढला. त्याच्या बाहेरच्या तोंडालगत, जिथे डस्ट बूट (धूळ-पाणी अडवणारे रबरी आवरण) चिरला होता, तिथे करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा पट्टा गंजला आहे. क्रोम उडाले आहे आणि नख फिरवले तर खड्ड्यांत अडकते. बाकीचा पिस्टन आरशासारखा गुळगुळीत आहे.

मेकॅनिकचे म्हणणे असे की, खड्डे सीलच्या (पिस्टनभोवतीच्या रबरी कड्याच्या) बाहेर असल्यामुळे बारीक पॉलिश पेपर मारून, नवे सील किट टाकून हाच पिस्टन बसवावा. ते अनुभवी आहेत आणि त्यांच्या शब्दाला मी मान देतो, पण इथे मन धजत नाही. पॅड झिजलेले असताना पिस्टन बाहेर आलेला असतो, म्हणून आज खड्डे सीलच्या बाहेर दिसतात. नवे पॅड लावताना तो पार मागे ढकलला की हाच पट्टा सीलखाली येतो, हे मी सीलच्या खाचेचे अंतर पट्टीने मोजून पाहिले आहे. शिवाय हे चौकोनी छेदाचे सील केवळ ऑइल अडवत नाही. पेडल दाबल्यावर ते पिस्टनबरोबर थोडे कलते आणि पेडल सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. खडबडीत पृष्ठभागावर ते काम नीट होईल का? आणि पेपर मारून उरलेले क्रोमही गेले, तर पुढच्या पावसाळ्यात गंज अधिक वेगाने धरणार नाही का?

सिलिंडरच्या आत तपकिरी डाग आहेत, खोल खड्डे नाहीत. सील खाचेत बसून पिस्टनवर घासते, सिलिंडरच्या भिंतीवर नाही; त्यामुळे खाच स्वच्छ असेल तर हे डाग चालतील असे मला वाटते. यात चूक असेल तर जरूर सांगावे.

या मॉडेलचा सुटा पिस्टन इथल्या दुकानांत मिळत नाही. जुन्या बाजारातला कॅलिपर मिळतो, पण तो किती वर्षे गंजत पडला होता हे कोण सांगणार? तिसरा पर्याय म्हणजे लेथवर स्टेनलेस स्टीलचा पिस्टन करून घेणे. उजवा कॅलिपर, दोन्ही होज आणि ब्रेक ऑइल यांचे काम सोबतच करणार आहे, कारण आम्हाला वरचेवर आंबा घाट उतरून यावे लागते आणि डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश असला, तरी पाणी शोषल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो.

लेथवर केलेला स्टेनलेस पिस्टन ज्यांनी किनाऱ्यालगत निदान दोन पावसाळे वापरला असेल, त्यांनी तो सिलिंडरपेक्षा किती बारीक ठेवला आणि फिनिशिंग ग्राइंडिंग करून घेतले की नुसते पॉलिश, हे कृपया सविस्तर लिहावे. उत्तर मिळेपर्यंत गाडी स्टँडवरच राहील.