क्वेबेकात कामाला आलोय, फ्रेंचचा क्लास कुठं लावू?

लातूरकर_सीएनसी:
रामराम मंडळी. मी लातूरचा. आयटीआय करून वाळूजला सीएनसीवर होतो, आता ड्रमंडव्हिलला एका मशीन शॉपात लागलोय, क्लोज्ड वर्क परमिटवर, म्हंजे एकाच कंपनीत काम करायची परवानगी. गावाकडं सगळे म्हणायचे कॅनडात इंग्लिश चालतंय, पण इथं शॉपात सगळे फ्रेंचच बोलायलेत. ड्रॉइंग वाचता येतं, जी-कोड म्हंजे मशीनला द्यायच्या आज्ञा सगळीकडं सारख्याच, पण सकाळच्या मीटिंगमधी सुपरवायझर काय सांगायलाय ते कळत नाही आन सेफ्टीचं काही सांगितलं आन मला समजलं नाही तर काय, ही धास्ती हाय. एका खाजगी क्लासवाल्याला विचारलं तर फी लै सांगितली. शिफ्ट आठवड्याला बदलते त्यामुळं ठरल्या वेळेचा क्लास जमंल का तेबी माहीत नाही. बायको आन लेकरू दिवाळीनंतर येणारेत. कमी पैशात काही असतं का? तिलाबी शिकता येईल का?

नांदेडची_लेक (मॉन्ट्रियल):
भाऊ, आधी कुणालाच पैसे देऊ नका. 'फ्रान्सिझास्यों क्वेबेक' म्हणून सरकारचीच सोय आहे, १ जून २०२३ पासून सगळे फ्रेंच क्लास त्या एकाच खिडकीतून मिळतात. वय १६ किंवा जास्त पाहिजे. वर्क परमिटवाल्यांना चालतं, तुमची बायको आली की तिलाही चालतं, आणि फी नाही. अर्ज ऑनलाइन, परमिटची कॉपी जवळ ठेवा, मग तुमची पातळी बघून ग्रुप देतात. फक्त एक ध्यानात ठेवा, जागा लगेच मिळंल असं नाही. २०२४ च्या शेवटी शेवटी पैसे संपले म्हणून कितीतरी शाळांमधले वर्ग बंद झाले होते आणि लोक मधेच लटकले. म्हणून शिफ्टचं बघू नंतर असं म्हणत बसू नका, आजच फॉर्म भरा.

गोदाकाठ_परभणी (शेरब्रूक):
ताईचं बरोबर आहे. शिफ्टसाठी एक सांगतो. ऑनलाइनमधे दोन प्रकार आहेत, एकात शिक्षक असतो आणि वेळ ठरलेली असते, दुसरं आपल्या सवडीनं करायचं. फिरत्या शिफ्टवाल्याला दुसरं सोपं वाटतं पण बोलणं त्यानं येत नाही हे माझं स्पष्ट मत, कारण समोर चूक सांगणारा माणूस लागतोच.
त्यापेक्षा एचआरला जाऊन विचारा की शॉपातच क्लास घेता येईल का. कंपनीला त्याच फ्रान्सिझास्यों क्वेबेककडं मागणी करता येते, तशी सोय आहे आणि लोकांना ती माहीतच नसते. कंपनीलाही गरज आहे, २०२२ च्या भाषा कायद्यातला एक नियम १ जून २०२५ पासून लागू झाला, त्यानं २५ ते ४९ माणसांच्या कंपन्यांनाही फ्रेंच भाषेच्या ऑफिसात नोंद करावी लागते. आधी ५० आणि त्याहून जास्त माणसांच्या कंपन्यांनाच होती. तुमच्यासोबत दुसरे बाहेरचे कामगार असतील तर सगळे मिळून जा, एकट्याचं ऐकायला वेळ लागतो.
आणि सेफ्टीचं. भाऊ हे मनावर घ्या. समजलं नाही तर मशीनला हात लावायचा नाही, सरळ सांगायचं समजलं नाही म्हणून. काम धोक्याचं वाटलं तर नाही म्हणायचा हक्क कायद्यानं आहे, परमिट क्लोज्ड असलं तरी. 'सीएनईएसएसटी' हे कामगारांच्या सुरक्षिततेचं सरकारी ऑफिस, नंबर मोबाइलमधे सेव्ह करून ठेवा. सूचना कागदावर लिहून मागा, फोनवर ट्रान्सलेट करता येतात.

लातूरकर_सीएनसी:
लै उपकार दादा, ताई. शॉपात फिलिपिन्सची पोरं हायत, त्यांचीबी हीच गत हाय. सोमवारी सगळे मिळून एचआरकडं जातोत. बायकोनं तिकडं लातूरातच काही सुरू करावं का इथं आल्यावर?

फ्रेंच_शिकवते (छत्रपती संभाजीनगर):
तिकडूनच सुरू करू द्या. क्वेबेकात फुकट आहे हे खरं, पण लहान लेकरू घेऊन नव्या देशात आल्यावर घर, थंडी, डेकेअर यात पहिले महिने जातात आणि दिवसाचा क्लास करायचा तर लेकराला कुठंतरी ठेवावं लागतं. पुण्यात आलियांस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, पहिली पातळी म्हणजे ए-वन झाली तरी दुकानात, दवाखान्यात बोलायला तोंड उघडतं. पैसे नसतील घालायचे तर टीव्ही-फाइव्ह-मोंद या फ्रेंच चॅनेलचं ऑनलाइन शिकायचं पान फुकट आहे, फक्त क्वेबेकचा उच्चार कानाला वेगळा लागतो, त्यासाठी 'मॉरिल' ॲप घ्या, रेडिओ-कॅनडा या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेच्या कार्यक्रमांवर केलेलं आहे, तेही फुकट.
पुढं इमिग्रेशनसाठी परीक्षा लागली तर आत्ताच घाई करू नका. टीसीएफ, टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षांचा निकाल दोनच वर्षं चालतो, लवकर दिली तर वाया जाईल. डेल्फ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचं सर्टिफिकेट कायमचं असतं. परीक्षेसाठी वेगळा क्लास लावायचा तर तेव्हा लावा, पैसे तेव्हा कामी येतील.

नांदेडची_लेक (मॉन्ट्रियल):
ताईंचं पटलं, लेकराचं माझ्या ध्यानातच नव्हतं. भाऊ, वहिनी आल्या की त्यांचा अर्ज वेगळा भरा, तुमच्या अर्जात त्यांचं नाव आपोआप येत नाही. आणि तुमच्या गावच्या लायब्ररीत फ्रेंच बोलायचा ग्रुप भरतो का विचारून घ्या, इकडं पुष्कळ लायब्रऱ्यांत असतो, सकाळची शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळी जाता येईल.

लातूरकर_सीएनसी:
फॉर्म आत्ताच भरला ताई. लायब्ररी घराजवळच हाय, उद्या कामावरून येताना जातो.