मुलाच्या आजारपणातील गैरहजेरी आणि ‘कारणे दाखवा’ नोटीस : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

मी महाराष्ट्रातील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात सहा वर्षांपासून लिपिक आहे. पत्नीही नोकरी करते. मुलगा चार वर्षांचा असून बालवाडीच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि हे वर्ष कसे जाते ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

जानेवारीपासून एप्रिलअखेर मुलाच्या आजारपणामुळे माझे एकूण ९ दिवस बुडाले. फेब्रुवारीत त्याच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात पुरळ आले. हा आजार इतर मुलांना लागतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला घरीच ठेवण्यास सांगितले आणि बालवाडीनेही तेच कळवले. त्या आठ दिवसांपैकी पहिले तीन पत्नीने सांभाळले, उरलेले पाच मी. मार्चमध्ये दोन दिवस ताप आणि एप्रिलमध्ये दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, तेव्हाही पाळी माझीच होती. प्रत्येक दिवशी सकाळी नऊच्या आत मी वरिष्ठांना ईमेलने कारणासह कळवले. त्यांपैकी तीन ईमेलना त्यांचे ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर आले. बाकीच्यांना काहीच आले नाही.

कंपनीने या ९ दिवसांपैकी ४ दिवस नैमित्तिक रजेत, म्हणजे आपण जिला सीएल म्हणतो तिच्यात, जमा केले आणि उरलेल्या ५ दिवसांचा पगार कापला. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. परंतु गेल्या आठवड्यात ‘वारंवार अनधिकृत गैरहजेरी’ या कारणासाठी ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली असून सात दिवसांत खुलासा मागितला आहे. आजारपणाची रजा कर्मचारी स्वतः आजारी असेल तरच मिळते आणि अर्जित रजेसाठी १५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, असे मनुष्यबळ विभागाचे म्हणणे आहे. माझ्या खात्यात ११ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे, पण ताप १५ दिवस आधी कळवून येत नाही, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. उलट ‘मुलाची आई काय करते?’ असा प्रश्न मला विचारला गेला. पत्नीच्या कार्यालयात हाच प्रश्न ‘मुलाचे वडील काय करतात?’ असा विचारला जात असेल का, असे मनात येऊन गेले. तो तिथे कुणी विचारत नाही, हे मला ठाऊक आहे.

एका सहकाऱ्याने मनापासून सल्ला दिला, की ओळखीच्या डॉक्टरांकडून स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र घे, सगळे असेच करतात. ते खरेही असावे, कारण आमच्या विभागात लहान मुलांचे आईवडील वर्षातून चार वेळा तापाने आजारी पडतात आणि मुले मात्र कधीच आजारी पडत नाहीत. मला खोटे प्रमाणपत्र द्यायचे नाही. पण खरे सांगितले म्हणून नोटीस येते आणि खोटे सांगितले असते तर पगारी रजा मिळाली असती, ही गोष्ट पचत नाही.

मुलाच्या आजारपणासाठी घेतलेल्या रजेला कायद्याचा काही आधार आहे का, रोज कळवूनही गैरहजेरी अनधिकृत ठरू शकते का, आणि खुलाशात काय लिहावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी बारा वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो आहे.

आधी कटू भाग. खासगी नोकरीत ‘मूल आजारी आहे’ या कारणासाठी स्वतंत्र पगारी रजा आपल्याकडच्या कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि पुढे ती एकल पित्यांनाही लागू झाली. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची तरतूद केली. या रजा आपल्याला लागू नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजनेत मुलाचे उपचार होतात, पण आजारपणाचा रोख लाभ विमाधारक स्वतः आजारी असेल तरच मिळतो. ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करण्याचे बंधन मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आले, मात्र तापलेले मूल कोणतेही पाळणाघर घेत नाही. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५६ क्रमांकाचा करार आहे, आणि त्यासोबतच्या शिफारशीत अवलंबून असलेल्या मुलाच्या आजारपणासाठी रजा मिळावी असे म्हटले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. आपली कंपनी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली येत असेल, तर लिपिक म्हणून आपल्याला वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजेचा हक्क आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते, म्हणून एप्रिलअखेर आपले ४ दिवस हा हिशेब बरोबर आहे. त्याखेरीज वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आपले ११ दिवस ही कंपनीची मेहेरबानी नव्हे, ती कमावलेली रजा आहे. पूर्वसूचनेचा नियम नियोजित रजेसाठी असतो. अचानक आलेल्या अडचणीत कापलेले दिवस मागाहून अर्जित रजेत वळवून घेण्याची पद्धत बहुतेक कार्यालयांत आहे. खुलाशासोबत तसा वेगळा अर्ज द्या.

नोटिशीबाबत मुद्दा असा, की गैरहजेरी आणि गैरवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले, की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, आणि नाइलाजाच्या परिस्थितीमुळे कामावर येता आले नसेल तर तिला हेतुपुरस्सर म्हणता येत नाही. आपले प्रकरण खासगी आहे, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आपण खुलाशात मांडायचा विचार नेमका हाच आहे. नऊही ईमेलच्या प्रती, मुलाच्या औषधचिठ्ठ्या आणि बालवाडीचा निरोप जोडा. वरिष्ठांची ती तीन ‘ठीक आहे’ सर्वांत वर ठेवा. ते दिवस अनधिकृत होते असे म्हणणे त्यानंतर अवघड जाईल.

खोट्या प्रमाणपत्राच्या वाटेला जाऊ नका. आज आपल्याकडे फक्त रजा कमी पडली आहे. ते प्रमाणपत्र उघडकीस आले, तर ज्यावरून खरोखर नोकरी जाऊ शकते असे कारण आपणच कंपनीला पुरवलेले असेल. मी अशी दोन प्रकरणे हाताळली आहेत आणि दोन्ही वेळा मूळ रजा दोन-तीन दिवसांचीच होती.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. वरिष्ठांच्या ईमेलना इतके वजन असेल हे लक्षातच आले नव्हते. त्यांपैकी दोन फेब्रुवारीतील पाच दिवसांमधले निघाले. अर्जित रजेचा अर्ज आज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली आहे. नोटिशीचा खुलासा परवा द्यायचा आहे. त्यात शेवटी एक वाक्य लिहिले आहे: ‘या नऊ दिवसांत मी स्वतः आजारी नव्हतो, माझा मुलगा आजारी होता, आणि हे मी प्रत्येक दिवशी सकाळी लेखी कळवले आहे.’ पत्नीच्या मते हे वाक्य ठेवावे. मला ते थोडे उद्धट वाटते आहे. काढावे का?

प्रतिसाद २

उद्धट वाटत नाही. ते शेवटी न ठेवता पहिल्या परिच्छेदात घ्या आणि पुढे नऊही तारखा लिहा.