बैलजोडी विकली, आता पॉवर टिलर घेऊ की पॉवर वीडर?

मोर्शीचा संत्रावाला

राम राम मंडळी. मोर्शी तालुक्यात पाच एकर काळं वावर आहे. अडीच एकर संत्रा, 20 बाय 20 फुटांवर, बाकी पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. पोळा झाल्यावर बैलजोडी विकली, कारण चारापाणी करायला घरात मी आणि बायको दोघंच. यंदा डवरणीला (ओळींमधलं तण काढायला) भाड्याची जोडी सांगितली तर ती तीन निरोपांनंतर आली, तोवर तण गुडघ्याला लागलं होतं. विक्रेता 12 एचपीचा टिलर (मागे चालत हाकायचं मशागतीचं यंत्र) दाखवतो, सोबत नांगर, सरी पाडायचा रिजर, ट्रॉली. 7 एचपीचा वीडरही (तण काढायचं हलकं यंत्र) आहे त्याच्याकडे. डवरणी आणि बाग दोन्ही एकाच यंत्रात होईल का? बायकोलाही चालवता आलं पाहिजे.

यवतमाळ शिवार

टिलरच घ्या दादा. ट्रॉली जोडली की शेणखत, कापूस सगळं वाहून होते.

हिंगणघाटचा पऱ्हाटीवाला

भाऊ, एचपी नंतर पाहा. आधी टेप घेऊन वावरात जा आणि दोन तासांतलं (पिकाच्या ओळींतलं) अंतर मोजा. माझी पऱ्हाटी 3 फुटांवर आहे. टिलरची रोटरी (माती भुसभुशीत करणारी फिरती पाती) दोन फुटांची, म्हणजे झाडं लहान आहेत तोवरच तो आत जातो. झाडांना पात्या (कळ्या) लागायला लागल्या की फांद्या मोडतात. मी टिलर घेऊन हेच भोगलं, म्हणून मागच्या वर्षी वीडर आणला. त्याची बाहेरची पाती काढली की रुंदी कमी होते, तेवढ्यासाठीच तो डवऱ्याच्या जागी चालतो.

वाफसा (मातीत बेताची ओल) नसताना मात्र कोणतंच यंत्र घालू नका. ओली काळी माती पात्यांना गुंडाळते आणि खाली जमीन थापली जाते. मुठीत माती दाबून सोडा, गोळा पडून फुटला तर चला. तो नांगर विक्रेत्यालाच ठेवू द्या. तडकलेल्या काळ्या रानात टिलरच्या नांगराचा टिकाव लागत नाही, नांगरटीला ट्रॅक्टर भाड्यानं बोलवावा.

बागेबद्दल हात जोडून सांगतो, झाडाच्या घेराखाली रोटरी नेऊ नका. संत्र्याची खाणारी मुळं वरच्या फुटभर मातीतच असतात. ती तुटली की डिंक्या रोगाला वाट मिळते. मधल्या पट्ट्यात दोन इंच उथळ चालवा, घेराखालचं तण विळ्यानं काढा.

टिलर घेतलाच तर उतारावर सांभाळा. सपाटीवर ज्या बाजूचा क्लच दाबाल त्या बाजूला तो वळतो, पण उतारावर यंत्र स्वतःच्या वजनानं ढकललं जातं तेव्हा उलट्या बाजूला वळते. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) माझा टिलर असाच नाल्यात गेला. मी बाजूला उडी मारली म्हणून पाय वाचला. मागे घेताना रोटरी आधी बंद करायची, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आर्वीची शेतकरीण

मी तीन वर्षांपासून वीडर चालवते. वहिनींना आधी घरच्या वावरात तासभर चालवू द्या, दुकानासमोरच्या डांबरावर काही कळत नाही. कडक धुरा लागला की यंत्र पुढे झेप घेते, तेव्हा दांडा दाबून धरायचा नाही, थ्रॉटल सोडायचा. साडी असेल तर पदर खोचून, पायात बूट. टिलरचं वजन तीनशे किलोच्या वर, ओळ संपली की वळवताना खांदे भरून येतात.

अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हाती येईपर्यंत बिल फाडू नका. आमच्या शेजाऱ्यानं आधीच खरेदी केली, अनुदान गेलं. महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के. सातबारा वहिनींच्या नावावर असेल तर अर्ज त्यांचाच टाका.

मोर्शीचा संत्रावाला

आज टेप घेऊन गेलो. पऱ्हाटी 3 फूट, तूर आणि पऱ्हाटीच्या मधलं अंतर 4. थोडं वावर बायकोच्या नावावर आहे, म्हणून अर्ज तिच्याच नावानं टाकतो. विक्रेत्याला सांगितलं, पाऊस उघडून वाफसा आला की वीडर घेऊन वावरात ये, तिच्या हातात दे, मग बोलू. तो तयार झाला.