‘अंतरा’ इंजेक्शन: दुष्परिणाम सुई टोचण्याआधी किती सांगावेत?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ या नावाने जे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळू लागले, ते म्हणजे डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. मात्रा १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी एक. ते परिणामकारक आहे याबद्दल माझा वाद नाही. गोळीने त्रास झाला तर ती दुसऱ्या दिवसापासून बंद करता येते, तांबी नकोशी झाली तर काढून घेता येते. हे औषध मात्र एकदा स्नायूत गेले की तिथे साठून राहते, महिनोन्‌महिने झिरपत राहते आणि ते परत काढण्याचा मार्ग डॉक्टरांकडेही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत पुष्कळ जणींची पाळी बिघडते. कुणाला दिवसेंदिवस डाग दिसतात, कुणाचे अंगावरून जाणे थांबत नाही, आणि वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणींची पाळी पूर्ण बंद होते. वजन वाढणे, डोके दुखणे, हाडांची घनता घटणे, इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला उशीर होणे, हे आणखी वेगळेच. एवढे सगळे तिला समजेल असे आधी सांगितलेले नसेल, तर तिच्या मान डोलावण्याला संमती म्हणता येणार नाही, आणि जिथे असे सांगायला कुणी नाही त्या उपकेंद्रात हे इंजेक्शन देऊच नये, असे माझे मत आहे.

बाह्यरुग्ण

मी ग्रामीण भागात सरकारी नोकरीत असलेला डॉक्टर आहे. आपल्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. उपकेंद्रात इंजेक्शन बंद झाले म्हणजे ती बाई तालुक्याला जाईल, असे आपण गृहीत धरता. प्रत्यक्षात ती कुठेच जात नाही, आणि नको असताना दिवस गेले की नवरा औषधाच्या दुकानातून, कोणत्याही तपासणीविना, गर्भपाताच्या गोळ्या आणतो. रक्त कमी असलेल्या बाईची पाळी बंद होणे हा अनेकदा दुष्परिणाम नसून फायदाच असतो. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचे झाले की हे इंजेक्शन चालते. नेहमीची मिश्र संप्रेरकांची गोळी तिला सहा महिने देता येत नाही. हाडांचे म्हणाल, तर घटलेली घनता इंजेक्शन थांबवल्यावर बहुतांशी भरून येते, आणि १८ ते ४५ या वयात त्या कारणाने बंधन घालू नये, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लांबलचक यादी वाचून दाखवली की बाई उठून जाते, हे मी रोज पाहतो.

जुनी फाईल

‘सांगितले तर घाबरतील’ हा युक्तिवाद नवा नाही. १९८० च्या दशकात नेट-एन या अशाच इंजेक्शनच्या चाचण्यांत, हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे, बायकांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, म्हणून स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये डेपोच्या माहितीपत्रकावर हाडांविषयी चौकटीतला इशारा घालायला लावला: इतर साधने अपुरी ठरत नसतील, तर दोन वर्षांपेक्षा अधिक काळ वापर नको. डॉक्टरसाहेबांनी त्यातली दिलासा देणारी बाजू तेवढी उचलली. विशीच्या आतबाहेर लग्न झालेली, हाडे अजून भरत असलेली, दूध-तूप भावांच्या ताटात पाहत वाढलेली मुलगी त्यांच्या ‘बहुतांशी’त बसते का?

त्रैराशिक

घाबरवणारा आकडाही तपासून घ्यावा. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या फ्रान्समधील अभ्यासात हे इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांत मेनिंजिओमाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणावरील, बहुधा कर्करोग नसलेल्या गाठीचा, धोका साडेपाच पट आढळला आणि वर्तमानपत्रांनी तोच आकडा ठळक छापला. मुळात गाठ विरळ. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या अवघ्या ९ होत्या, कारण तिथे ते फारसे वापरलेच जात नाही. धोका खोटा नाही, पण निव्वळ ‘पट’ सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे.

सासुरवाशीण

मी हे इंजेक्शन घेतलेले आहे. पाळी थांबेल हे मला कुणी सांगितले नव्हते. आत अशुद्ध रक्त साचते आहे, असे सासूबाई म्हणत. मला मात्र दिवस गेल्याची धास्ती असे. आधी एक वाक्य कानावर पडले असते तर मी इंजेक्शन मध्येच सोडले नसते, त्यामुळे सांगितल्याने बायका पळतात हे डॉक्टरांचे म्हणणे मला पटत नाही. परंतु उपकेंद्रात ते देऊच नये, हेही मला मान्य नाही. तालुक्याची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय कुठे चाललीस याचे उत्तर घरात द्यावे लागते.

बाह्यरुग्ण

मग किमान तीनच गोष्टी ठरवू. पाळी बिघडेल किंवा थांबेल. रक्त आत साचत नाही, गर्भाशयाचे अस्तरच पातळ होते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी मूल हवे असेल तर हे साधन घेऊ नये. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. गाठीचा विषय सर्वांपुढे काढण्याची गरज मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

चौथी गोष्ट जोडल्याशिवाय तुमची यादी मला मान्य नाही: कधी परत यायचे. नेहमीच्या दुप्पट रक्तस्राव, दृष्टी अंधुक होऊन सतत दुखणारे डोके, पोटरीला सूज, डोळ्यांत पिवळेपणा. गाठीचे नाव घेऊ नका हवे तर, पण डोके आणि दृष्टी यांचा उल्लेख त्यात आपोआप येतो. आणि अंतराच्या कार्डावर पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिता, तिथेच हे चार शब्द लिहायला किती वेळ लागेल?

बाह्यरुग्ण

कार्डावर लिहायला हरकत नाही. मात्र तेवढ्यासाठी उपकेंद्रातले इंजेक्शन थांबवण्याला माझा विरोध कायम आहे.