मदत हवी आहे: उपाशीपोटीच्या दोन गोळ्या, वेळ कशी जमवायची?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आईला मधुमेह, वजन ९२ किलो. सुईची फार धास्ती, म्हणून डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचं (साखर आणि वजन कमी करणारं औषध) इंजेक्शन न देता गोळी दिलीय. पहिला महिना ३ मिलिग्रॅम, मग ७. रिकाम्या पोटी, जेमतेम अर्ध्या पेल्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास काही नाही, दुसरं औषधसुद्धा नाही. पण तिची थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच! काल पहाटे चहाचं आधण ठेवून ती घड्याळाकडे बघत उभी होती. नंतर मळमळायला लागलं, बाबांनी आणलेले गरम पोहे तसेच राहिले. बघवत नाही हो. डॉक्टर सोमवारी भेटतील, त्यांना विचारणारच आहे. तुमच्या घरी दोन्ही गोळ्या कुणी घेतं का? वेळा कशा ठरवून दिल्या? मळमळ किती दिवसांनी ओसरली?