शब्दचर्चा: डबस्टेप, खर्ज आणि 'कोणाला ऐकू?'

कोशवाचक

डबस्टेप म्हणजे बेसवर, खालच्या सुरांवर उभं असलेलं, लंडनमध्ये घडलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. 'डबस्टेपमधलं कोणाला ऐकू?' असं विचारलं की एक जण स्क्रिलेक्स सांगतो, दुसरा बरियल. दोघांचे ट्रॅक लागोपाठ लावले तर ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आपली थट्टा करतंय. गोंधळ शब्दांचा आहे असं मला वाटतं. 'हेवी आहे', 'डार्क आहे', 'बेस जबरदस्त' एवढ्या भांडवलावर शिफारशी चालतात. म्हणून तीन प्रश्न: यातला 'डब' सिनेमाच्या डबिंगमधलाच का? वॉबल, ग्राउल, सब या बेसच्या तीन तऱ्हांना मराठीत वेगवेगळे शब्द सापडतील का? आणि हे संगीत करणाऱ्याला 'निर्माता' म्हणावं का?

मंद्र

डबचं आधी. नातं आहे, पण चुलत. दोन्हींचं मूळ 'डबल'मध्ये, म्हणजे प्रत काढण्यात सांगतात. सिनेमात ती प्रत नव्या आवाजाची झाली. जमैकात गाण्याची चाचणी-तबकडी ती 'डबप्लेट', आणि सत्तरच्या दशकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी त्यातला गायकाचा आवाज काढून ड्रम आणि बेस उघडे ठेवले, वर प्रतिध्वनी सोडला. तो झाला 'डब'. लंडनच्या गराज नावाच्या नृत्यसंगीतात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला अशीच गाण्याविना आवृत्ती असे, तिलाही डबच म्हणत. गराजचा तुटक ठेका म्हणजे 'टू-स्टेप'. डब आणि स्टेप इथे एकत्र आले. २००२ मध्ये एक्सलरेटर या अमेरिकन मासिकाने हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स या लंडनच्या गटाला मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा हा जोडशब्द दूरवर गेला.

थोडक्यात, डबस्टेपमधला 'डब' हा 'भरणे' नसून 'काढून टाकणे' आहे. जुन्या फळीतले कलाकार सुचवताना हे कामाला येतं: त्यांच्यात जे नाही ते ऐकायचं असतं.

ठायदुगुन

लिंगाचंही बघा. 'तो ट्रॅक', 'ती ट्यून', 'तो ड्रॉप' (ताण वाढवून खर्ज एकदम सुटतो तो क्षण), 'ती बेसलाइन' हे बोलण्यात पक्कं झालंय. डबस्टेप मात्र 'ते' (संगीत मनात धरून) आणि 'तो' (प्रकार मनात धरून) असं दोन्ही चालतं. मी 'ते' वापरतो. आणि 'बेस' लिहिताना सांभाळा. 'या ट्रॅकचा बेस पक्का आहे' याचा अर्थ आपल्याकडे पाया पक्का असाही होतो. 'खर्ज' म्हटलं की वाद मिटतो.

कोशवाचक

खर्ज म्हणजे मंद्र षड्ज ना? इथे तर बेसलाइन सुरांवर फिरते.

ठायदुगुन

शास्त्रात तसंच. पण 'खर्जातला आवाज' म्हणताना कोणी षड्ज मोजत बसत नाही. बेस = खर्ज चालेल. सब-बेससाठी मात्र वेगळा शब्द हवा, कारण तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो. साधारण ३० ते ६० हर्ट्झचा, जवळजवळ शुद्ध साइन तरंग. मी 'घुमारा' सुचवतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याची ओळख असल्याने लगेच कळतं.

अनवट

घुमारा आवडला. आता वॉबल. 'डळमळ' असं भाषांतर वाचलंय, ते चूक आहे. डळमळण्याला ताल नसतो. वॉबल काटेकोर तालात असतो.

घडतं काय ते तोंडानेच करून बघा. एक खालचा सूर धरा. ओठ जवळजवळ मिटून 'ऊ' म्हणा, सूर न हलवता तोंड 'आ'पर्यंत उघडा, परत मिटा. वॉव-वॉव-वॉव. सूर तोच राहिला, फक्त वरचे स्वरांश (त्याच सुरात मिसळलेले उंच सूर) कधी बाहेर आले, कधी दडपले गेले. सिंथमध्ये (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यात) ओठांचं काम लो-पास फिल्टर, म्हणजे वरचे सूर अडवणारी गाळणी, करतो आणि तो उघडमीट करायला एलएफओ नावाचा संथ तरंग लावलेला असतो. १४० बीपीएमला (मिनिटाला १४० मात्रांना) हा एलएफओ चतुर्थांश नोटेवर बांधला तर सेकंदाला २.३ वेळा उघडतो, अष्टमांशावर ४.७, अष्टमांश तिप्पटीवर बरोबर ७. वॉबल 'बोलल्यासारखा' वाटतो तो हे वेग ओळीच्या मधेच बदलल्यामुळे. एकच वेग आठ बार (चार मात्रांचा एक बार) चालवला की वॉशिंग मशीन.

म्हणून 'आंदोलन'ही नको, त्यात सूर हलतो. माझं मत 'हेलकावा'.

मंद्र

हेलकावा ठीक. ग्राउलला 'गुरगुर' हा शब्द तयारच आहे, आणि तो अचूकही आहे. गुरगुरीत नुसता फिल्टर उघडमीट होत नाही. एफएम सिंथेसिस (एका तरंगाने दुसरा हलवणं), 'आ-ई' सारख्या स्वरांची नक्कल करणारे फॉर्मंट फिल्टर आणि भरपूर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) यांनी मधल्या पट्ट्यात घशातून आल्यासारखा आवाज बनवलेला असतो.

आता हे तीन शब्द नावांना लावून बघा. माला आणि लोफा: घुमारा. कोकी, कॅस्पा, रस्को: हेलकावा. स्क्रिलेक्स, एक्सिजन: गुरगुर. बरियल या तिन्हींत नीट बसत नाही. त्याचा ठेका गराजकडे झुकलेला, वर पावसाचे, रेकॉर्डच्या खरखरीचे आवाज. 'अनट्रू' (२००७) हायपरडब या लेबलवर आला म्हणून त्याला या घरात मोजतात.

रिळवाला

यात एक पाचर मारतो. सुचवणाऱ्याने बरोबर नाव दिलं तरी ऐकणारा फोनच्या स्पीकरवर ऐकतो आणि 'यात काहीच नाही' म्हणतो. त्याचं चुकत नाही.

घुमारा समजा ४४ हर्ट्झच्या आसपास आहे (डबस्टेपमध्ये 'एफ' ही पट्टी फार चालते, तिचा खालचा सूर हाच). फोनचा इवलासा पडदा एवढ्या खाली हवा हलवूच शकत नाही. शुद्ध साइन असेल तर वरचे स्वरांशही नाहीत, मग उरते शांतता आणि अधूनमधून एक स्नेअर (ड्रमचा कडक ठोका). गुरगुरीत मात्र स्वरांशांची रेलचेल असते. फोन फक्त तेवढेच वाजवतो आणि खालचा गायब सूर कान स्वतः जुळवून घेतो. फोनवर स्क्रिलेक्स 'बेसवाला' आणि माला 'रिकामा' वाटतो तो यामुळे.

हेडफोन हवेतच, साधे वायरचे कानात घट्ट बसणारेही चालतील. घट्ट हे महत्त्वाचं: बोंडू सैल बसलं की आधी खर्जच गळतो. ब्लूटूथ स्पीकर मोठ्या आवाजात लावू नका. बरेचसे स्पीकर आवाज वाढवला की स्वतःला वाचवायला खालचा पट्टा आपोआप कापतात. खोलीत मोठे स्पीकर असतील तर खुर्ची खोलीच्या मधोमध नको. ४४ हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ८ मीटर, भिंतींवरून परतलेला तरंग काही जागी मूळ तरंगाला खाऊन टाकतो आणि मधोमध बहुतेकदा अशी जागा असते. अर्धा मीटर पुढेमागे सरकून बघा.

कोशवाचक

मग 'बेस वेट' या शब्दाचं काय करायचं? जुन्या लोकांच्या तोंडी सारखा असतो.

रिळवाला

'खर्जाचं वजन'. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये २००५ पासून डीएमझेडच्या (माला, लोफा, कोकी यांच्या गटाच्या) रात्री भरत, त्यांचं घोषवाक्यच होतं की या आणि खर्जाच्या वजनावर ध्यान लावा. वजन आणि ध्यान दोन्ही आपलेच शब्द, भाषांतर करायची वेळच येत नाही.

अनवट

'निर्माता' राहिलं. माझा विरोध. मराठीत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. इथला प्रोड्यूसर स्वतः सिंथवर आवाज घडवतो, ड्रम रचतो, मिक्स करतो. 'संगीतकार' म्हणा, नाहीतर सरळ 'प्रोड्यूसर'.

आणि 'कलाकार' या एका शब्दाखाली प्रोड्यूसर, डीजे आणि एमसी तिघांना कोंबू नका. हॅचा आणि यंगस्टा यांची ख्याती मुख्यतः डीजे म्हणून आहे. त्यांचे अल्बम शोधाल तर 'एवढा मोठा माणूस आणि एवढंसंच काम?' असं होईल. त्यांचं काम निवडीत आणि जोडणीत आहे. टेंपा लेबलच्या 'डबस्टेप ऑलस्टार्स' मालिकेतला पहिला मिक्स हॅचाचा, दुसरा यंगस्टाचा, ते ऐका. सार्जंट पोक्स हा एमसी, तो माइकवर असतो. उलट स्क्रीम, बेंगा, माला हे प्रोड्यूसरही आणि डीजेही.

ठायदुगुन

लयीचा घोळही निस्तरू. 'डबस्टेप संथ असतं' आणि 'डबस्टेप १४०चं असतं' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. लय १४०, पण स्नेअर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर न पडता फक्त तिसऱ्या मात्रेवर. एक मात्रा ०.४३ सेकंदाची, म्हणजे दोन स्नेअरमध्ये १.७ सेकंद. इंग्रजीत हाफ-टाइम म्हणतात, आपण 'ठाय' म्हणू: लय तीच, बोल ठायीत. वर हाय-हॅट मात्र दुगुन-चौगुन पळत असतात, म्हणून एकाच वेळी संथ आणि अस्वस्थ वाटतं.

याचा तोटा असा की बीपीएम ओळखणारी सॉफ्टवेअर याला बऱ्याचदा ७० समजतात. संग्रहात ७०च्या जवळपास पडलेले ट्रॅक दिसले की आकडा दुप्पट करा, नाहीतर शोधताना अर्धा संग्रह हाती लागत नाही. हल्ली या शांत फळीचं नावच '१४०' पडलंय, बीटपोर्ट या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर '१४०, डीप डबस्टेप, ग्राइम' असा वेगळा विभाग आहे. गोंगाट नको असेल तर तिथून सुरुवात करा.

कोशवाचक

'ड्रॉप' म्हणजे सम म्हणता येईल का?

ठायदुगुन

मोह होतो, पण नाही. सम दर आवर्तनाला येते, ड्रॉप एका ट्रॅकमध्ये एकदा-दोनदा. सारखेपणा एवढाच की दोन्हींची वाट बघितली जाते. 'ड्रॉप'च राहू द्या.

मात्र तो कुठे येतो ते माहीत असू द्या. डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये गुंफता यावं म्हणून सुरुवातीला १६ किंवा ३२ बारांची प्रस्तावना ठेवतात. १४०ला १६ बार म्हणजे २७ सेकंद, ३२ बार म्हणजे ५५. वीस सेकंद ऐकून 'पुढचं' दाबणारा नुसती प्रस्तावना ऐकून निकाल देतो. चाळायचंच असेल तर एक मिनिटावर उडी मारा.

रिळवाला

दोन फसवे शब्द. 'व्हीआयपी' म्हणजे बडी असामी नव्हे. ट्रॅकच्या नावापुढे ते असेल तर मूळ प्रोड्यूसरनेच केलेली वेगळी आवृत्ती. आणि 'रिवाइंड' किंवा 'पुल-अप'ला मराठीत 'वन्स मोअर' म्हणावंसं वाटतं, पण वन्स मोअर पद संपल्यावर मिळतो. इथे ड्रॉप पडल्या पडल्या लोक ओरडतात, डीजे रेकॉर्ड तिथेच मागे ओढतो आणि पहिल्यापासून लावतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये अचानक आवाज तुटला तर फाइल खराब नाही.

अनवट

आता शोधायचं कसं ते. नावापेक्षा लेबल धरा. या संगीतात लेबल म्हणजे घराणं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही. आवडलेल्या एका ट्रॅकचं लेबल बघा, डिस्कॉग्ज या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या लेबलचं पान उघडा आणि कॅटलॉग क्रमांकाने लावा. आवडलेल्या क्रमांकाच्या पुढचे-मागचे पाच-पाच ऐका. रिमिक्स कोणी केलाय ते टिपा, पुढचं नाव तिथेच सापडतं. मालाचं डीप मेडी (२००६ पासून), पिंचचं ब्रिस्टलचं टेक्टॉनिक (२००५), टेंपा, हायपरडब. एवढी चार लेबलं नीट चाळली की जुनी फळी बरीचशी कळते. नव्यात शेफिल्डचा कमोडो, ब्रिस्टलचे कान आणि नीक, न्यूझीलंडचे ट्रुथ.

अॅपच्या 'असेच आणखी' यादीवर विसंबू नका. ती 'डबस्टेप' हा शिक्का बघते, आणि शिक्का एकच असल्याने मालानंतर एक्सिजन लावून मोकळी होते.

मंद्र

लेबलांचं क्रॉसवर्ड सोडवायचा कंटाळा असेल तर एकच गोष्ट: जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर मेरी अ‍ॅन हॉब्स यांनी केलेला 'डबस्टेप वॉर्झ' हा कार्यक्रम. माला, स्क्रीम, कोड नाइन, वेक्स्ड, हॅचा, लोफा, डिस्टन्स एकामागून एक आपापले ट्रॅक वाजवतात. कोणाचा भाग परत लावावासा वाटतो ते बघा आणि त्या माणसाच्या लेबलकडे वळा. यादीत काही ठिकाणी ट्रॅकचं नाव सापडणार नाही, कारण तो तेव्हा फक्त डबप्लेटवर होता. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर, काही डझन वेळा वाजवली की झिजते. त्यातले काही ट्रॅक पुढे नाव बदलून निघाले.

कोशवाचक

मग शिफारस लिहायची कशी? 'स्क्रिलेक्स आवडतो, आणखी सुचवा' याला काय उत्तर द्यावं?

अनवट

आधी उलट विचारा: त्यातली गुरगुर आवडते की ड्रॉपआधीचं गाणं? गुरगुर असेल तर एक्सिजन, व्हर्च्युअल रायट. तोच एक गुरगुरता तुकडा पुन्हापुन्हा चालावा असं वाटत असेल तर इन्फेक्ट, सबट्रॉनिक्स, आणि तिथे शोधायचा शब्द 'रिडिम'. हेलकाव्याकडे न्यायचं असेल तर कॅस्पा आणि रस्को यांचा 'फॅब्रिकलाइव्ह ३७' (२००७), तो दोन्ही फळ्यांच्या मधोमध उभा आहे. थेट लोफा देऊ नका, विशेषतः फोनवर ऐकणाऱ्याला.

ठायदुगुन

'ब्रोस्टेप' हा शब्दही टाळा. तो गुरगुरीच्या डबस्टेपला हिणवण्यासाठी निघाला. 'तुम्हाला ब्रोस्टेप आवडतं' असं म्हटलं की समोरचा पुढची नावं ऐकतच नाही.

कोशवाचक

रिडिम म्हणजे 'रिदम'च ना? मग तसंच का लिहू नये?

मंद्र

जमैकन उच्चार आहे, मूळ अर्थ गाण्याखालची ड्रम-बेसची चौकट. एकाच रिडिमवर तिथे अनेक गायक गातात. डबस्टेपच्या उपप्रकाराने तेवढं नाव उचललं. 'रिदम' लिहून शोधाल तर हे संगीत सापडणार नाही. 'रिडिम'च लिहा, आणि शोधताना मागे 'डबस्टेप' जोडा, नाहीतर निम्मं रेगे येईल. तेही वाईट नाही म्हणा.