भारतमातेची पूजा, झेंडा आणि आमचे ख्रिस्ती काका : २६ जानेवारीचा घोळ

सेक्रेटरी_ठाणे :

नमस्कार मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे, टोमणे मारायचे असतील तर दुसरे धागे आहेत तिकडे जा.

आमच्या सोसायटीत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडा असतो, दरवेळी बिल्डिंगमधल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या हस्ते, मग राष्ट्रगीत, पोरांची भाषणं, बटाटेवडे आणि चहा. यंदा कमिटीने एकमताने तळमजल्यावरच्या काकांचं नाव घेतलं. एसटीतून रिटायर झालेले, मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या भांडणापर्यंत सगळ्यात पुढे असणारा माणूस, त्यामुळे कोणाला काही वाटायचं कारणच नव्हतं, आणि काकाही खूश होते.

आता झालंय असं की नवीन चेअरमन आल्यापासून झेंड्याच्या आधी भारतमातेच्या फोटोचं पूजन असतं. हार, हळदकुंकू, दिवा, नारळ, आणि शेवटी आरती. ग्रुपवर कार्यक्रमपत्रिका पडली आणि त्यात 'प्रतिमापूजन व ध्वजारोहण' दोन्हीपुढे काकांचं नाव. संध्याकाळी काका घरी आले, शांतपणे म्हणाले, झेंडा फडकवतो, सलामी देतो, राष्ट्रगीत तर सगळ्यात मोठ्याने म्हणेन, पण ती पूजा माझ्या हातून होणार नाही, ती दुसऱ्या कोणाला द्या, मी बाजूला उभा राहतो. मला यात काही वावगं वाटलं नाही. पण चेअरमन अडून बसलेत की ही काय देवाची पूजा नाही, देशाची आहे, आणि देशाची पूजा जमत नसेल तर झेंड्याचा मान तरी कशाला. वर बी विंगमधल्या कॅथलिक कुटुंबाचं उदाहरण, की गेल्या वर्षी त्यांनी आनंदाने हार घातला होता, मग यांनाच काय झालं?

तर ख्रिस्ती लोकांत हे नक्की काय आहे? काय चालतं, काय नाही, आणि एकाला चालतं ते दुसऱ्याला का चालत नाही?

वसईचा_जो :

मी कॅथलिक, वसईचा. बी विंगवाल्यांबद्दल मी सांगू शकतो, काकांबद्दल कोणीतरी त्यांच्यातलं सांगेल.

आमच्याकडे १५ ऑगस्ट म्हणजे डबल सण. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, त्यामुळे सकाळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि मिस्सा सुटली की चर्चच्या आवारातच झेंडा, तेच फादर, तीच माणसं, फक्त चर्चमधल्या गीतांच्या ऐवजी जन गण मन. लहानपणी आम्हाला वाटायचं की देश मरियामातेच्या सणाला स्वतंत्र झाला म्हणून सुट्टी आहे. सांगायचं काय, तर झेंडा-राष्ट्रगीत आणि चर्च यांच्यात आम्हाला भांडण कधी दिसलंच नाही.

हाराचं म्हणाल तर वसईत काय, मुंबईच्या गावठाणांत काय, नाक्यावरच्या क्रुसाला झेंडूचे हार दिसतील, मेणबत्त्या दिसतील. आरतीचंही तसंच, १९६९ साली व्हॅटिकनने भारतातल्या चर्चला बारा भारतीय गोष्टी उपासनेत आणायची परवानगी दिली, त्यात समई, उदबत्ती, हात जोडून नमस्कार, आरती हे सगळं होतं. त्यामुळे हार घालायचा म्हटल्यावर कॅथलिक माणूस दचकत नाही. आणि आमच्यात पहिल्यापासून शिकवलेलं असतं की आराधना एका देवाचीच, संतांना आणि त्यांच्या मूर्तींना आदर. सन ७८७ च्या निकियाच्या धर्मसभेत हाच फरक ठरवून दिला होता, कारण त्या काळातही यावरून डोकी फुटत होती.

पण म्हणून सगळंच चालतं असं नाही हं. मी स्वतः फोटोला हार घालेन, हळदकुंकू वाहून आरतीचं ताट ओवाळायला सांगितलं तर नाही म्हणेन, कारण सिंहासमोर उभी असलेली, हातात त्रिशूळ किंवा झेंडा घेतलेली देवी आणि तिची आरती, हे माझ्या डोक्यात देशापेक्षा देवीच जास्त होतं. माझा मेव्हणा मात्र ओवाळेल, म्हणेल एवढं काय त्यात. एकाच घरात दोन मतं आहेत, आता बोला.

नगरची_ताई :

काकांच्या बाजूने मी लिहिते. नगरचीच (आता अहिल्यानगर म्हणायचं, सवय होतेय), प्रोटेस्टंट घर, प्राथमिक शाळेत शिक्षिका.

जो दादा म्हणतात तो आदर आणि आराधनेचा फरक आमच्या मंडळीत मूर्तीपुढे मान्यच नाही, मुळात आमच्या चर्चमध्ये मूर्तीच नसतात. बायबलमधल्या दहा आज्ञांमधली मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको ही आज्ञा आम्ही जशीच्या तशी घेतो. रविवारच्या शाळेत शद्रख, मेशख, अबेद्नगो यांची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ असते. बाबेलच्या राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि वाजंत्री वाजली की सगळ्यांनी पालथं पडायचं असा हुकूम काढला, हे तिघे उभेच राहिले, भट्टीत टाकले गेले. आता बघा, हे तिघे राजाचे बंडखोर नव्हते, त्याच राजाच्या सरकारात अधिकारी होते, कामात कसूर नाही, फक्त तेवढं एक करणार नाही म्हणाले. काकांचं बोलणं मला तंतोतंत तसंच वाटलं.

आणि त्याच शास्त्रात 'देवाचे भय धरा, राजाचा मान राखा' असंही आहे, दोन्ही एका ओळीत. त्यामुळे देश, सरकार, सैनिक यांच्यासाठी दर रविवारी उपासनेत प्रार्थना असते आणि ती कोणी सक्ती केली म्हणून नसते.

शाळेत वर्षभर प्रतिमापूजनं असतात, जयंत्या, पुण्यतिथ्या. मी फोटोपुढे फूल ठेवते, दोन मिनिटं उभी राहते, मुलांना त्या माणसाबद्दल सांगते आणि बहुतेक वेळा सगळ्यात लांब भाषण माझंच असतं. नारळ आणि कुंकू दुसऱ्या बाई करतात. इतक्या वर्षांत एकाही मुख्याध्यापकांनी मला यावरून बोललेलं नाही, कारण पहिल्याच वर्षी जाऊन नीट सांगितलं होतं, ऐनवेळी तोंड पाडून बसले नाही.

एक मात्र कबूल, आमच्यातही एकसारखेपणा नाही. काही पेंटेकॉस्टल (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) मंडळी प्रसादही घेत नाहीत, मी गणपतीचा मोदक खाते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पत्र आहे, त्यात मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर अख्खा अध्याय आहे, म्हणजे ही भांडणं तेव्हापासूनची.

रोखठोक_पुणेकर :

शेवटी काय, देशापेक्षा धर्म मोठा. एक हार घातल्याने कोणाचा देव बाटतो? ज्या मातीत राहता तिला आई म्हणायला लाज वाटते का?

वसईचा_जो :

आई म्हणायला नाही म्हटलंय कोणी? काका राष्ट्रगीत सगळ्यात मोठ्याने म्हणणार आहेत, वर वाचा की जरा. आणि लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तिचे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा होते, माझगावचे कॅथलिक, पुढे १९२५ ला मुंबईचे महापौर. लोकमान्यांनी त्यांना आधी आरती म्हणून दाखव असं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

काळा_कोट :

कायद्याचं लिहितो, कारण चेअरमन मंडळींना बहुतेक वेळा तेवढंच ऐकू येतं.

केरळात १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. घर यहोवाज विटनेस पंथाचं. मुलं राष्ट्रगीताला रोज शिस्तीत उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. (हा पंथ वेगळा आहे, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाही म्हणून बहुतेक चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत, आणि बाकीचे ख्रिस्ती राष्ट्रगीत बिनदिक्कत गातात.) हायकोर्टात मुलं हरली. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभं राहणं हा मान झाला, आणि प्रामाणिक श्रद्धेमुळे कोणी गात नसेल तर त्याला अनुच्छेद १९ आणि २५ चं संरक्षण आहे.

म्हणजे राष्ट्रगीत, ज्याला कायद्याने संरक्षण दिलंय, ते गायचीसुद्धा सक्ती नाही. मग भारतमातेच्या फोटोच्या आरतीला कुठला कायदा दाखवणार? १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात झेंडा, राज्यघटना, राष्ट्रगीत यांचा अपमान हा गुन्हा आहे. पूजा न करणं त्यात कुठेच बसत नाही.

आणि गंमत म्हणजे ध्वजसंहिता २००२ उलट बाजूने कडक आहे. ज्या खांबावर झेंडा आहे त्याच्यावर हार, फुलं, चिन्ह काही ठेवायचं नाही. झेंडा फडकवण्याआधी आत पाकळ्या ठेवायला तेवढी मोकळीक आहे. खांबाला हार गुंडाळून ठेवत असाल तर आधी तो काढा, काकांचं मग बघू.

अक्का_न्यूजर्सी :

इथे अमेरिकेत उलटी गंमत चालते. चर्चमध्ये वेदीच्या शेजारीच झेंडा असतो कित्येक ठिकाणी, आणि तो तिथे असावा का यावर पाळक (पास्टर) लोकांची भांडणं होतात, काहींना वाटतं की देवाच्या घरात देशाचा झेंडा ठेवला की लोक दोन्ही एकच समजायला लागतात. शाळेत म्हणतात ती झेंड्याची प्रतिज्ञा १८९२ मध्ये एका बॅप्टिस्ट पाळकानेच लिहिली, त्यात देवाचं नाव नव्हतं, ते १९५४ ला घुसवलं. मधल्या काळात यहोवाज विटनेसच्या मुलांनी झेंड्याला सलामी नाकारली तर १९४० मध्ये सुप्रीम कोर्ट मुलांच्या विरोधात गेलं, त्यानंतर त्या लोकांवर गावोगाव हल्ले झाले, आणि तीनच वर्षांत, ऐन महायुद्ध चालू असताना, त्याच कोर्टाने निकाल फिरवला.

जुनी_पानं :

चेअरमन जे म्हणतायत ना, 'ही देवाची पूजा नाही, देशाची आहे', त्यावर मला थांबावंसं वाटतं, कारण हे वाक्य इतिहासात बऱ्याचदा येऊन गेलंय.

१९३० च्या दशकातला जपान घ्या. सरकार म्हणायचं शिंतो (जपानचा स्वतःचा जुना धर्म) देवळात वाकणं हा धर्म नाही, नागरिकाचं कर्तव्य आहे. १९३२ मध्ये टोकियोच्या सोफिया या कॅथलिक विद्यापीठातले काही विद्यार्थी यासुकुनी देवळात वाकले नाहीत तर सैन्याने आपला लष्करी शिक्षण देणारा अधिकारी काढून घेतला आणि विद्यापीठ अडचणीत आलं. शेवटी १९३६ मध्ये व्हॅटिकनने सांगून टाकलं की सरकार याला नागरी विधी म्हणतंय तर कॅथलिकांनी जायला हरकत नाही. कोरियात तेव्हा जपानचंच राज्य. तिथल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) चर्चच्या सभेने १९३८ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात ठराव केला की हा धर्म नाही, देशभक्ती आहे. बऱ्याच जणांनी तो मानला नाही, चू की-चोल नावाचे पाळक १९४४ मध्ये प्याँगयांगच्या तुरुंगातच वारले.

आपल्या सोसायटीची जपानी पोलिसांशी तुलना करत नाहीये, कृपया तसं वाचू नका. मुद्दा एवढाच की एखादी गोष्ट धार्मिक आहे की नाही हे करायला लावणाऱ्याने परस्पर ठरवून टाकलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. कुंकू, नारळ, दिवा, आरती, सगळं आपल्या देवघरातलं आणि वर म्हणायचं यात धर्म नाही? मी स्वतः हिंदू आहे, घरी रोज पूजा करते. मला तर उलट वाईट वाटतं की आपल्या आरतीला कोणी नुसती औपचारिकता म्हणावं.

रोखठोक_पुणेकर :

बरं, मग सैन्याचं काय? तिसऱ्या कॅव्हलरीतल्या त्या ख्रिस्ती लेफ्टनंटची केस विसरलात वाटतं. रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात यायला नकार दिला, नोकरी गेली, मे २०२५ ला दिल्ली हायकोर्टात हरला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही दारात उभं केलं नाही. तिथे कुठे गेला तुमचा १९८६ चा निकाल?

काळा_कोट :

चांगला मुद्दा, पहिल्यांदाच. पण ती केस लष्करी शिस्तीची होती. तो अधिकारी जवानांबरोबर परेडला जायचा, आवारापर्यंत थांबायचा, फक्त पूजा चालू असताना आत जाणार नाही म्हणत होता. कोर्टाचं म्हणणं पडलं की तुकडीचा अधिकारी म्हणून जवानांबरोबर राहणं हा कायदेशीर हुकूम होता आणि त्याने धर्म हुकमाच्या वर ठेवला. निकाल पटो न पटो, तो वर्दीतल्या माणसाला लागू आहे. सोसायटीचा चेअरमन कमांडिंग ऑफिसर नाही, जरी त्यांना तसं वाटत असलं.

सेक्रेटरी_ठाणे :

सगळ्यांचे आभार. खांबाला हार दरवर्षी असतो आमच्या, तो यंदा निघाला. काल मीटिंगमध्ये मी सुचवलं की पूजन वेगळं, अर्धा तास आधी, ज्यांना यायचंय त्यांनी यावं, ते चेअरमननी स्वतः करावं, आणि झेंडा ठरल्या वेळी काकांच्या हस्ते. सात जणांनी हात वर केला, तिघांनी नाही. चेअरमन म्हणाले मिनिट्समध्ये माझा विरोध नोंदवा. नोंदवला. बी विंगवाल्या बाईंनी मात्र मीटिंगनंतर जिन्यात गाठून सांगितलं की गेल्या वर्षी हार घातला तो आनंदाने वगैरे काही नाही, नवीन राहायला आलो होतो, नाही कसं म्हणणार. हे ऐकून मी गार पडलो.

नगरची_ताई :

बाईंना तेवढं विचारा की यंदा त्यांना काय करायचंय. आणि ते सगळ्यांसमोर विचारू नका.